वरणभाताची मुंबई, बांगड्याची मुंबई

आमच्या घरात मुंबईचा इतिहास दोन स्वयंपाकघरांतून आला. आईचं माहेर गिरगावात, ठाकूरद्वाराजवळच्या एका वाडीत. वडिलांचं घर लालबागला, गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत. दोन्ही घरं मुळात कोकणातलीच, एक गुहागरकडचं, दुसरं कणकवलीकडचं. पण एका घरी वरणभातावर लिंबू पिळलं की पान पूर्ण व्हायचं, आणि दुसऱ्या घरी भाताशेजारी बांगडा नसला तर आप्पांना जेवल्यासारखंच वाटायचं नाही. अंतर म्हणाल तर तीन-चार मैल. पण माई, म्हणजे आईची आई, लालबागला ‘तिकडे वर’ म्हणायची आणि आप्पा, म्हणजे वडिलांचे वडील, गिरगावला ‘कारकुनांच्या वाड्या’ म्हणायचे. दोघंही एकमेकांच्या मुंबईत लग्नामुंजीशिवाय गेली नाहीत.

सनावळीशी दोघांचंही वाकडं होतं. प्लेगात, स्फोटाच्या साली, गोळीबारात, ट्राम बंद झाली तेव्हा, संपाच्या आधी, संपानंतर: एवढ्या खुंट्यांवर त्यांचं अख्खं शतक टांगलेलं. मामाची मुंज कधी झाली विचारलं तर माई म्हणायची, ‘ट्राम गेली त्या उन्हाळ्यात.’ मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती 31 मार्च 1964 च्या रात्री, म्हणजे मुंज एप्रिल-मेमधली. पत्रिकेत शोधावं लागलं नाही.

सगळ्यात जुनी खुंटी प्लेगाची. ती माईने पाहिलेली नव्हती, तिच्या सासूबाईंकडून ऐकलेली. 1896 च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत पहिले रोगी सापडले आणि बघता बघता शहर रिकामं झालं. आमची मंडळी गुहागरला पळाली. जाताना चुलीवरचं पिठलं तसंच टाकून गेली म्हणे. माई हे ‘पिठलं’ इतक्या ठामपणे सांगायची की आईला लहानपणी प्लेग हा पिठल्यातून होणारा रोग वाटायचा. परत आली तेव्हा खोलीच्या भिंतींना चुना फासलेला आणि कौलं उतरवलेली. ऊन आत यावं म्हणून सरकारी माणसं छप्परच उघडं करून जात.

त्याच प्लेगाने पुढची मुंबई घडवली. दाटीवाटीच्या वस्त्या फोडायला 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने सँडहर्स्ट रोड काढला, प्रिन्सेस स्ट्रीट काढला, गरिबांसाठी चाळी बांधल्या आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची शेतं नि वाड्या घेऊन सरळ रेषेतले रस्ते आखले. आज हिंदू कॉलनीत झाडांच्या सावलीतून चालताना बरं वाटतं, त्याच्या मुळाशी मांडवीतले मेलेले उंदीर आहेत. परळचंही तसंच. तिथे गव्हर्नरसाहेबाचा बंगला होता, मोठा, बागबगीचा असलेला. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथेच पटकीने गेली आणि साहेबलोकांचं मन उडालं. ते मलबार हिलला गेले. रिकाम्या बंगल्यात 1899 मध्ये डॉक्टर हाफकिन यांची प्लेगाची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. आप्पांच्या चाळीतली म्हातारी माणसं पोरांना ‘सुईवाल्या बंगल्यात देईन’ म्हणून दटावायची, एवढंच त्या थोर संशोधनाचं लालबागला पोचलेलं रूप.

माईच्या गिरगावात झाडांच्या नावांच्या वाड्या होत्या: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. झाडं कुणी पाहिलेली नव्हती. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, पुढे सामायिक गॅलरी, टोकाला नळ आणि त्यापलीकडे रांग. पाणी पहाटे यायचं नि उजाडेपर्यंत जायचं, त्यामुळे गिरगावात लवकर उठणं हा सद्गुण नव्हता, नाइलाज होता. गॅलरीतून जाणाऱ्याला कुणाकडे काय शिजतंय ते कळे. माईचा वालाचा वास तिसऱ्या मजल्यावर पोचे. डाळिंब्या सोलायला दुपारी चार बिऱ्हाडांतल्या बायका एकत्र बसत आणि वाटीभर उसळ प्रत्येकीच्या घरी जाई. चैत्रात हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं. कुणाची डाळ आंबट, कुणाची कोरडी, याच्या नोंदी वर्षानुवर्षं तोंडी ठेवल्या जात.

माईचा खरा अभिमान म्हणजे केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती. 1893 पासूनचा, टिळकांच्या हाकेनंतर मुंबईत सार्वजनिक बसलेला पहिला. आजही मूर्ती लहानच असते, पालखीतून नेता येईल एवढी. आप्पा लगेच लालबागचं काढायचे. पेरू चाळीतला उघड्यावरचा बाजार उठला, मासळीवाल्यांनी आणि दुकानदारांनी नवस केला, हक्काची जागा मिळाली आणि 1934 मध्ये गणपती बसला. ‘तुमचो गणपती पुढाऱ्यान बसवलो, आमचो कोळणींनी,’ हा आप्पांचा हुकमी डाव. माईकडे त्याला उत्तर नव्हतं. तरी ती म्हणायची, ‘पण आमचा आधी.’ आजी, म्हणजे आप्पांची बायको, मासे आणायला जाताना पिशवी बगलेत धरूनच लालबागच्या राजाला हात जोडायची. रांग वगैरे काही नव्हती. आता त्याच दर्शनासाठी लोक दिवस-दिवस उभे राहतात, हे तिला पटवता पटवता आम्ही थकलो. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, ‘मेल्यांनो, मागच्या दारान जावा.’

सिनेमा दादरला शिजला आणि गिरगावात वाढला गेला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला एका बंगल्यात केला आणि 3 मे 1913 रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. हे सगळ्यांना ठाऊक असतं. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री दिव्याच्या उजेडात फिल्मच्या पट्टीला भोकं पाडत, हे त्यामानाने कमी सांगितलं जातं. माईने ही गोष्ट कुठे वाचली की कुणाकडून ऐकली कोण जाणे, पण तिला फाळक्यांपेक्षा सरस्वतीबाईंचंच कौतुक. ‘इतक्या माणसांचं पिठलंभात करून वर हे!’ आमच्या घरातल्या इतिहासात पिठलं फार आहे, त्याला इलाज नाही.

आता आप्पा. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते देवगडहून बोटीने मुंबईला आले. साल कोणतं, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत नव्हतं; लढाई सुरू व्हायच्या आधीचा शिमगा, एवढं नक्की. धक्क्यावर गाववाला न्यायला आला होता. त्याने थेट गाळ्यात नेलं. गाळा म्हणजे एकच खोली, तिच्यात एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष. प्रत्येकाला भिंतीत एक खिळा, फळीवर एक ट्रंक आणि जमिनीवर एक वळकटीची जागा, तीही पाळीने. रातपाळीचा आला की पहिल्या पाळीचा उठून गेलेला असे. बायका गावी, शेती बघत. गावचं मंडळ दरमहा वर्गणी जमवी, त्यातून मोठी पातेली घेतलेली असत आणि कुणी मेला तर गावी तार करायचे पैसेही त्यातूनच.

आप्पा साचेखात्यात लागले. आधी बदली म्हणून. म्हणजे रोज दारावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर जॉबर आत घेणार. जॉबरला काय काय द्यावं लागे ते आप्पांनी कधी उघड सांगितलं नाही. ‘कोंबडो तरी देवकच होयो’ एवढंच. मग कायम झाले. धोट्यात कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं, श्वासासरशी. सुताबरोबर कापसाची धूळही आत जाणार. दिवसाकाठी किती वेळा, याचा हिशेब नाही. घरी आले की भुवयांवर कापूस असायचा, आजी तो पदराने पुसायची. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान पुढे जवळजवळ गेले, त्यामुळे त्या घरात सगळेच ओरडून बोलत. माईची बरीच वर्षं अशी समजूत होती की लालबागची माणसं भांडकुदळ आहेत.

गिरणगावाचा इतिहास लिहिणारे 1854 पासून सुरू करतात. त्या वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला. मग नारायण मेघाजी लोखंडे येतात, त्यांच्यामुळे 1890 मध्ये मिळालेली रविवारची सुटी येते, 1928 चा सहा महिन्यांचा संप येतो. सगळं खरं, आणि लिहिलंच पाहिजे. पण आप्पांना विचारलं असतं तर त्यांनी खानावळवालीपासून सुरुवात केली असती. त्यांची खानावळवाली सावंतवाडीकडची, नवरा लवकर गेलेला, दहा बाय दहाच्या खोलीत तीस-चाळीस माणसांचं दोन वेळचं रांधायची. बुधवार-रविवार मासे, पगाराच्या आठवड्यात मटण. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी. बदलीवाल्याला काम मिळालं नाही तर रेघ ओढायची, ताट थांबवायचं नाही. संपात तर रेघा भिंत ओलांडून दारापर्यंत जात. ती मात्र वाण्याला आणि सावकाराला रोखच द्यायची. संपकऱ्यांच्या पुढाऱ्यांचे पुतळे झाले, रस्ते झाले. एवढ्या संपांना पोटाशी धरणाऱ्या या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे सावकार सुटला. माझं मत विचाराल तर गिरणगाव चात्यांवर उभं नव्हतं, या चुलींवर उभं होतं.

स्फोटाची खुंटी दोन्ही घरांत सामायिक. 14 एप्रिल 1944, दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट फुटली. पोटात दारूगोळा, कापूस आणि सोनं, असं विलक्षण सामान. माईच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या खाली आल्या. तिला वाटलं जपानी आले. आप्पा पहिल्या पाळीवरून सुटून गच्चीत होते. त्यांनी आभाळात जळत्या कापसाचे गोळे पाहिले, आणि साचेवाल्याला त्या वेळीही पहिलं सुचलं ते हे की कापूस चांगला लांब धाग्याचा दिसतोय. सोन्याच्या विटा उडून घरांवर पडल्या हे खरंच आहे. मात्र गिरगावात पुढे प्रत्येक चाळीत एक तरी माणूस असा निघे, की ज्याच्या ओळखीच्याच्या गच्चीवर वीट पडली होती.

आजी मुंबईला उशिरा आली. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, गटारी अमावास्येच्या सुमाराला, घरी निघालेली माणसं घेऊन. सहाशेवर माणसं गेली. आजीचं गाव तिथून कितीतरी लांब, तिचं कुणी बोटीवर नव्हतं, पण तिने बोटीचं नाव टाकलं. पुढे घाटातून मोटारी धडपणे चालू लागल्या तेव्हाच ती आली, कडेवर माझे वडील, ट्रंकेत कोकम आणि उकडे तांदूळ. गाळ्यातून बाहेर पडून आप्पांनी खोली घेतली होती. तिने पहिल्या आठवड्यात खोलीत शेणाने सारवायचा प्रयत्न केला, असं सांगतात. खालच्या मजल्यावरून भांडण झालं.

1956 चा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली आणि गिरगावापासून परळ-लालबागपर्यंत पोलीस गोळ्या घालत होते. माईच्या वाडीत मुलं धावत शिरायची, जिन्याने वर यायची आणि जे दार उघडं असेल त्यात घुसायची. मागून शिपाई आले तर पाटावर बसलेला मुलगा घरचाच. माईने अशा कितीजणांना वरणभात वाढला ते तिलाही आठवत नव्हतं; जात विचारायला सवड नव्हती, आणि हे ती नंतर थोड्या आश्चर्यानेच सांगायची. लालबागला चाळीच्या जिन्यात बरीच वर्षं एक भोक होतं. आप्पा म्हणत, पोलिसाच्या गोळीचं. शेजारचे म्हणत, मंडपाच्या खिळ्याचं. 105 हुतात्म्यांच्या त्या लढ्यात एक भोक आपल्या चाळीचं असावं, ही आप्पांची इच्छा मला समजते.

त्याच वर्षाच्या शेवटी बाबासाहेब गेले. परळच्या पोयबावडीला बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत ते वीसेक वर्षं राहिले होते. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम तिथूनच जवळ, दामोदर हॉलमध्ये सुरू झालं. मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. 7 डिसेंबर 1956 ला अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे निघाली तेव्हा आप्पा खोदादाद सर्कलपाशी उभे होते. त्यांच्या खात्यातले पुष्कळजण त्या गर्दीत होते. पण पाण्याची पिंपं गिरणीत बरीच वर्षं वेगळी होती, हेही आप्पांनीच एकदा सांगितलं, मान खाली घालून नव्हे, पण हळू आवाजात. आणि त्यांच्या हळू आवाजाला आम्ही सवकलेले नव्हतो.

आईवडिलांची गाठ दादरला पडली. कशी पडली हे दोघांनीही नीट सांगितलं नाही. ती पालिकेच्या शाळेत शिकवायची, हे बेस्टमध्ये. लग्न गिरगावच्या पद्धतीने झालं, जिलबी-मठ्ठा. आप्पा जेवून उठले आणि व्याह्यांना म्हणाले, ‘सगळा बरा होता, पण जेवाण खंय होता?’ संसार कुठे मांडायचा हा प्रश्न आला तेव्हा ना सासर ना माहेर, मधोमध म्हणून दादर. आमच्यासारखी तडजोड म्हणून दादरला आलेली कुटुंबं पुष्कळ असणार. तिथे दोघांची सोय होती. सकाळी फुलबाजार, स्टेशनबाहेर मामा काण्यांचा बटाटेवडा, पलीकडे मासळी बाजार. शिवाजी पार्कात आई माईला संध्याकाळी कट्ट्यावर बसवी. पालिकेने 1925 मध्ये लोकांसाठी उघडलेलं ते मैदान. नाव माहीम पार्क होतं, अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने दोन वर्षांनी शिवाजी पार्क झालं. वडील तिथे अत्र्यांची भाषणं ऐकत मोठे झालेले. माई मात्र भेळ बरी मिळते का तेवढं बघायची. आणि ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी टॅक्सीवाल्याला आपण ‘दादर टीटी’च सांगतो, ते ट्राम टर्मिनसचं टीटी.

18 जानेवारी 1982. मी तेव्हा शाळेत. काका आप्पांच्याच गिरणीत लागला होता, आप्पा नुकतेच निवृत्त झालेले. अडीच लाख कामगार बाहेर आले. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गिरणगाव होतं, पण 1946 च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क दुसऱ्याच संघटनेकडे, आणि सरकार हटलं नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदोपत्री काका अजून संपावरच आहे. आधी भांडी गेली, मग गावची म्हैस, मग काकूच्या बांगड्या. काकूने मग डबे सुरू केले. ज्या आप्पांनी तरुणपणी खानावळीत पान मांडलं, त्यांची सून खानावळवाली झाली. आप्पांनी तिला एकच सल्ला दिला: ‘रेघ वढ, पण ताट थांबव नको.’ तिने ऐकलं नाही. तिने वही घातली. शहाणपणा केला.

पुढचं डोळ्यांदेखत झालं. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक पालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला. वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे होणार, शेडखालच्या नव्हे. गिरणीत मोकळी जमीन असते किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. शिवाजी पार्काएवढी कितीतरी मैदानं परळ-लालबागला मिळाली असती, ती एका दुरुस्तीत गेली. मी कुणी शहररचनेचा जाणकार नाही, पण हा या शहरावर झालेला अन्याय आहे, आणि तो प्लेगासारखा आपोआप आलेला नव्हता.

गिरगावही पालटलं. वाड्यांच्या जागी मनोरे उठले, ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन सुरू झालंय. माईची वाडी उरलेली नाही.

लालबागची मसाला गल्ली मात्र आहे. काकू दर उन्हाळ्यात डब्यांसाठी तिथेच मसाला करायची आणि एक बरणी गिरगावला पाठवायची, रीत म्हणून. गोड्या मसाल्यावर वाढलेल्या माईने ती पहिली दोनतीन वर्षं तशीच मोलकरणीला दिली. मग कधीतरी काळ्या वाटाण्याच्या उसळीत चमचाभर घातला. पुढे एप्रिल उलटला की ती आईला विचारायला लागली, ‘तुझ्या जावेचा मसाला झाला का गं?’ दोन घरांत मनापासूनची ये-जा म्हणतात ती त्या बरणीपासून सुरू झाली.

तुम्हाला करायचा असेल तर मेअखेर गर्दी फार होते, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच जा. रंगाला बेडगी घ्या, तिखटाला संकेश्वरी. मिरच्यांची देठं घरी काढून, गच्चीवर दोन कडक उन्हं देऊन न्या. धणे, खसखस, दगडफूल, त्रिफळं तिथेच मिळतात. फुटपाथवर मोठ्या कढया घेऊन बसलेल्या बायका जिन्नस भाजून देतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका, त्या धुरात तासभर बसणं काय असतं ते आधी बघा. डंकाला नंबर लागला की समोर उभं राहा, आपल्या मागच्याचा मसाला आपल्यात मिसळतो. गरम मसाला लगेच बरणीत भरायचा नाही, कागदावर पसरून निवू द्यायचा. आणि एक बरणी जास्तीची करा, व्याह्यांकडे द्यायला.